एका घासाची वाट

ज्वारीच्या भाकरीचा एक लहान तुकडा घ्या. सोबत काही नको, चटणीसुद्धा नको. तिखट आलं की जीभ बाकी सगळं विसरते. भाकरी नसेल तर पोळी चालेल. पाठ टेकून बसा, पावलं जमिनीला लागू देत. घाईचं काही काम मागे ठेवून आला असाल, तर ते आधी उरका. हे नंतर वाचलं तरी बिघडत नाही.

तुकडा तोंडात टाका आणि चावत राहा. गिळू नका. आधी तो कोरडा आणि खरबरीत लागेल. मग लाळ सुटेल. दिवसभरात आपल्या तोंडात एक ते दीड लिटर लाळ तयार होते, आणि तिच्याकडे आपलं लक्ष जातं ते बहुधा चिंच आठवल्यावर. चावत राहा. तुकड्याचा लगदा होईल, गिळावंसं वाटेल, तरी थोडं थांबा. आता चवीकडे नीट लक्ष द्या. हलका गोडवा येतोय का?

पिठात साखर नव्हती. स्टार्च होता, म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. लाळेतलं अमायलेज या साखळ्या मध्येच तोडतं, तुटलेले आखूड तुकडे जिभेला गोड लागतात. म्हणजे गिळण्याआधीच पचन सुरू झालेलं आहे आणि त्याची पहिली बातमी जिभेला कळलेली आहे. ही चव जरा वेळ तशीच असू द्या. पुढे या घासाचं जे जे होणार आहे, त्यातलं इतकं थेट तुम्हाला फारसं काही कळणार नाही.

इथवर सगळं तुमच्या मर्जीनं चाललं होतं. नको वाटलं तर हा घास अजूनही थुंकता येईल. ही मुभा आता संपणार आहे.

दोन बोटं हलकेच कंठमण्यावर ठेवा आणि गिळा.

कंठमणी झपकन वर गेला आणि खाली आला. दुसऱ्यांदा पाण्याचा घोट घेऊन पाहा, पण आता लक्ष श्वासावर असू द्या. गिळण्याच्या त्या क्षणी श्वास थांबलेला असतो. घशात अन्नाची आणि हवेची वाट एकमेकींना छेदते. त्यामुळे घास जाताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण मिटतं, स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि अर्धा-एक सेकंद हवेची वाट पूर्ण बंद होते. घास पुढे गेला की बहुतेकांचा पहिला श्वास बाहेर सुटतो, आत जात नाही. चुकून काही कण मागे राहिलेच तर ते आत ओढले जाऊ नयेत, म्हणून हा क्रम सोयीचा. हे तुम्ही कधी शिकला नाहीत. दिवसातून शेकडो वेळा, झोपेतही, लाळ गिळताना हे होत असतं.

ही रचना मला फारशी शहाणपणाची वाटत नाही, हे सांगून टाकतो. दोन वेगळ्या वाटा ठेवल्या असत्या तर कुणाला ठसका लागला नसता. ठसका लागला की आपल्याकडे ‘कुणीतरी आठवण काढली’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या वेळी चुकीच्या दाराशी आलेल्या एका शिताला हुसकून लावायला छाती-पोटाचे सगळे स्नायू एकवटलेले असतात.

आता घास कुठे आहे, जाणवतंय का पाहा. बहुधा नाही. पंचवीसेक सेंटिमीटरची अन्ननलिका त्याला खाली सरकवते आहे. मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, आणि आठ-दहा सेकंदांत घास जठराच्या तोंडाशी पोचतो. यात वजनाचा आधार फारसा लागत नाही; डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेतही घास जठरातच जाईल. (करून पाहू नका.)

इथून पुढे नुसतं डोळे मिटून काही दिसणार नाही. जे माहीत आहे ते कुणीतरी, कधीतरी, पुष्कळदा दुसऱ्याच्या वेदनेतून पाहिलेलं आहे. १८२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या फर-व्यापारातल्या मजुराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण पोटाच्या डाव्या बाजूचं भोक बुजलं नाही. त्यातून थेट जठरात पाहता येत होतं. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून आत सोडत आणि ठरावीक वेळानं बाहेर काढून पाहत. आतला रस काढून बाटलीत ठेवला तर तिथंही मांस विरघळतं, हे त्यांनी दाखवलं. जठर अन्नाला नुसतं दळत नाही, त्याच्यावर रसायनाचं काम होतं, हे त्यातून पक्कं झालं. सेंट मार्टिन चिडलेला असला की पचन मंदावतं, हेही त्यांनी नोंदवलं. त्याला चिडायला कारणं पुष्कळ होती. तो त्यांच्याकडे घरगडी म्हणूनही राबत होता. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांच्या हाती प्रेत लागू नये म्हणून घरच्यांनी ते मुद्दाम कुजू दिलं आणि मग पुरलं. पोटात काय चाललं आहे याचा विचार करताना या माणसासाठी एक श्वास थांबावं, असं मला वाटतं.

डावा हात बरगड्यांच्या खाली, थोडा डावीकडे ठेवा. तुमचा घास तिथं आहे. जठराचे स्नायू मिनिटाला साधारण तीनदा आवळत आहेत. आतलं आम्ल इतकं तीव्र आहे की त्यात मांस विरघळतं, आणि जठर स्वतः मांसाचंच आहे. श्लेष्म्याचा एक थर त्याला वाचवतो, आणि त्या थराखालच्या पेशी दर काही दिवसांनी नव्यानं तयार होतात. मागच्या आठवड्यात जे अस्तर होतं, ते आज बहुतेक नाही. जेवणानंतर आडवं व्हायची सवय असेल, तर आपली वामकुक्षी इथं कामी येते. जठराचा मोठा फुगवटा डाव्या बाजूला असतो. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल त्या फुगवट्यात राहतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर येतं, म्हणून जळजळ कमी होते.

घासाला इथं काही तास लागतील. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या. तोवर श्वासाकडे या.

हा प्राणायाम नाही. श्वास लांब करायचा नाही, मोजायचा नाही. पाहायला लागलात की तो थोडा बदलेल, कारण श्वासाला दोन धनी आहेत: एक मेंदूच्या तळाशी बसलेला, तुमच्या नकळत रात्रंदिवस चालवणारा, दुसरे तुम्ही. तुम्ही मधूनच येता आणि थोड्या वेळानं विसरून जाता. विसरा. मग तो परत आपल्या चालीवर येईल.

हात तिथंच असू द्या. श्वास आत जाताना हात किंचित वर उचलला जातो. फुफ्फुसांना स्वतःचा स्नायू नाही. हवा ओढण्याचं काम श्वासपटल करतं. तो छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा स्नायू आहे. शांत श्वासात तो एक-दोन सेंटिमीटर खाली येतो, आणि त्याच्या बरोबर खाली जठर आणि यकृत आहेत. म्हणजे मघाचा घास या क्षणी तुमच्या प्रत्येक श्वासाबरोबर खाली-वर हलतो आहे. भरपेट जेवल्यावर श्वास आखूड का होतो, हेही इथंच कळतं: घुमटाला खाली यायला जागा उरत नाही. या स्नायूची नस मात्र थेट मानेतून येते, कारण गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेच्या पातळीवर होते आणि मग ते खाली सरकतं, आपली नस मागे ओढत.

आता एक साधा श्वास पूर्ण पाहा. आत येणारी हवा सुमारे अर्धा लिटर. त्यातली दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते, देवाणघेवाणीच्या जागी पोचतच नाही. उरली साडेतीनशे. आणि ही ताजी हवा जिथं जाते तिथं दोन लिटरांहून जास्त जुनी हवा आधीच बसलेली असते. तुम्ही कितीही ‘पूर्ण’ श्वास सोडला तरी फुफ्फुसं कधी रिकामी होत नाहीत. एका शांत श्वासात आतल्या हवेचा साधारण सातवा हिस्सा बदलतो. आत्ता जी हवा नाकातून बाहेर पडली, तिच्यात गेल्या अनेक श्वासांची सरमिसळ आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते गबाळं वाटलं होतं. मग लक्षात आलं की म्हणूनच रक्ताला दर क्षणी जवळजवळ सारखीच हवा मिळते; एक श्वास चुकला, बोलण्यात गेला, जांभईत गेला तरी आत धक्का बसत नाही.

श्वासनलिकेला फाटे फुटत जातात, वीसहून अधिक वेळा, आणि शेवटी वायुकोश येतात. त्यांची संख्या तीस-चाळीस कोटींच्या घरात. सगळे उलगडून अंथरले तर सत्तर चौरस मीटर भरतील, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. मुंबईत एवढी जागा घ्यायला माणसाचं आयुष्य जातं. ती प्रत्येकाच्या छातीत घडी घालून ठेवलेली आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो.

पुढचा श्वास सोडल्यावर दोन-चार सेकंद काही करू नका. (दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे वगळा.) नवा श्वास लगेच येत नाही. एक सपाट जागा येते आणि मग कुठूनशी ओढ सुरू होते. ती वाढू द्या, मग श्वास घ्या. ही ओढ ऑक्सिजन कमी पडल्यानं येते असं आपण समजतो. इतक्या थोड्या वेळात ऑक्सिजन फारसा कमी होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना ते लगेच समजतं आणि त्या श्वास मागतात. हा कार्बन कुठला, ते पुढे येईल.

उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी सापडेपर्यंत दाब कमी-जास्त करा. सापडली की मोजू नका. तिला श्वासाशी जोडून पाहा. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळ येतात, बाहेर जाताना लांबतात. तरुण वयात हे ठळक असतं, वय वाढलं की पुसट होतं. जाणवलं नाही तर काळजीचं कारण नाही. हृदयाला ठोक्यासाठी कुणाचा हुकूम लागत नाही, त्याच्या भिंतीतच ठोका उपजतो. मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास धडधडेल. मेंदूकडून आलेली एक नस त्याला सतत आवरून धरते, आणि श्वास घेताना तिची पकड जराशी ढिली होते. बोटांखाली जाणवणारा बदल तो.

दर ठोक्याला सत्तरेक मिलिलिटर रक्त. मिनिटाला सुमारे पाच लिटर, आणि शरीरात एकूण रक्तही तेवढंच. म्हणजे मिनिटाभरात रक्ताचा एक फेरा पुरा होतो.

या साध्या गुणाकारानंच वैद्यकाचं एक जुनं मत मोडलं. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या काळापासून युरोपात असं मानत की अन्नापासून यकृतात नवं रक्त बनत राहतं आणि अवयव ते वापरून संपवतात. लंडनच्या विल्यम हार्वेनं १६२८ साली छापलेल्या छोट्या पुस्तकात विचारलं: एका ठोक्याला अगदी थोडं रक्त धरा, अर्ध्या तासातले ठोके मोजा. इतकं रक्त बनवायला माणूस जेवणार तरी किती? घासांचा हिशेब जुळेना, म्हणून रक्त फिरत असलं पाहिजे असं ठरलं. फुफ्फुसांतून होणारा फेरा कैरोतल्या इब्न अल-नफीसनं तेराव्या शतकातच लिहून ठेवला होता, पण ते हार्वेला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

हार्वेचा एक प्रयोग आत्ता करता येतो. हात खाली लोंबकळू द्या, पंजाच्या मागच्या शिरा फुगतील. एका शिरेवर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून धरा, दुसऱ्या बोटानं ती शीर मनगटाच्या दिशेनं निपटा आणि दुसरं बोट उचला. शीर चपटीच राहील. वरचं रक्त मागे येत नाही, कारण आतल्या झडपा त्याला अडवतात. आता पहिलं बोट उचला. खालून ती भरून येईल. एक-दोन शिरांवर जमलं नाही तर तिसरी शोधा, झडपा सगळीकडे सारख्या अंतरावर नसतात. धमन्यांतलं रक्त शिरांत कुठून येतं, ते मात्र हार्वेला दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. १६६१ मध्ये मार्चेल्लो मालपीगीनं बेडकाच्या फुफ्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली, केशवाहिन्या पाहिल्या.

बोटं नाडीवर ठेवा आणि परत घासाकडे या. कल्पनेत काही तास पुढे सरका.

लगदा लहान आतड्यात उतरला आहे. स्वादुपिंडाच्या रसानं आम्ल शमलं, पित्तानं स्निग्धाचे बारीक थेंब केले, आणि जिभेवर जे काम अर्धवट राहिलं होतं ते इथं पुरं होतं: साखळी सुटी होऊन नुसतं ग्लुकोज उरतं. आतड्याच्या भिंतीतून ते रक्तात शिरतं, आणि ते रक्त आधी यकृताकडे जातं. काही साखर यकृत ठेवून घेतं, रात्रीसाठी. उरलेली पुढे, हृदयाच्या उजव्या बाजूला.

जेवणात वरण-भातावर तूप होतं का? त्याची वाट निराळी आहे. डाव्या गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यावर बोट ठेवा. तुपातली बरीचशी चरबी यकृताला वळसा घालून लसिकेच्या नळ्यांतून, पाठीच्या कण्यालगत वर चढत इथपर्यंत येते आणि या जागी शिरेत मिसळते. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे असेल्लीनं नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या रेघा पाहिल्या होत्या. त्या याच नळ्या.

आता जरा रेंगाळू या, कारण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते इथं आहे. साखर असो की तूप, उजव्या हृदयातून रक्त पहिल्यांदा जातं ते फुफ्फुसांत. मेंदूला, हाताला, यकृत सोडून कुणालाही मिळण्याआधी तुमचा घास श्वासाच्या दारावरून जातो. वायुकोशाशेजारच्या केशवाहिनीत रक्तपेशी पाऊण सेकंद असते. ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्याहून कमी वेळ पुरतो. घास आणि श्वास इथून पुढे एकाच रक्तात, एकाच ठोक्यानं निघतात. शाळेच्या पुस्तकात पचन, श्वसन, अभिसरण असे तीन धडे आणि तीन आकृत्या असतात. परीक्षेला ते ठीक आहे. शरीरात असा धडा कुठं संपलेला मला दिसत नाही.

एकत्र निघूनही ते वाटेत एकमेकांना शिवत नाहीत. ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशीत तो वापरणाऱ्या तंतुकणिका नसतात, त्यामुळे पाठीवरचा ऑक्सिजन तिला स्वतःला वापरता येत नाही. ती चारेक महिने जगते आणि तेवढा काळ फक्त पोचवते.

तळहात एकमेकांवर ठेवा, घासू नका. ऊब जाणवेल. पोटात आग पडली म्हणतो आपण, पण जठरात जाळण्यासारखं काही होत नाही, तिथं नुसती कापाकापी असते. जळणं होतं ते या तळहातातल्या पेशींत. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं, किती बर्फ वितळलं ते मोजलं, त्यानं सोडलेला वायू मोजला, कोळशाच्या ज्वलनाशी ताडून पाहिलं आणि म्हटलं की श्वसन हे मंद ज्वलन आहे. लाव्हाझिएला वाटलं ते फुफ्फुसांत होत असावं. नंतर कळलं की ते सगळीकडे होतं, तंतुकणिकांमध्ये, ज्योतीविना, अनेक लहान पायऱ्यांनी.

तळहात नाकासमोर धरा आणि श्वास सोडा. ऊन, दमट हवा. ताज्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा हजारांत सुमारे चार भाग होता. या हवेत शंभरात चार आहे. मघाशी ज्याच्यामुळे ओढ लागली होती, तो हाच, आणि त्यातला कार्बन तुम्ही खाल्लेला आहे. भाकरीचा स्टार्च, तूप, काल रात्रीची आमटी. पचलेलं अन्न मुख्यतः नाकातून जातं; सकाळी जातं त्यात न पचलेला चोथा, जिवाणू आणि पाणी जास्त. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी हिशेब मांडला की माणसाची दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो श्वासावाटे जाते, उरलेल्याचं पाणी होतं. वजन घटवणाऱ्यांना हे सांगितलं की ते जोरजोरात श्वास घ्यायला लागतात. त्यानं फक्त चक्कर येते. कार्बन आधी पेशीत जळावा लागतो, आणि त्यासाठी चालावं लागतं.

तेव्हा उठू या. बोटं पुन्हा नाडीवर ठेवा आणि सावकाश, टेबलाचा आधार घेत उभे राहा. अर्धा लिटरच्या आसपास रक्त पायांकडे उतरलं, मानेतल्या धमन्यांना दाब घटल्याचं कळलं आणि ठोके जलद झाले. पंधरा-वीस सेकंदांत ते बरेचसे सावरतील. आता शतपावली घाला. दर पावलाला पोटरी आवळते, शिरेतलं रक्त वर ढकलते आणि झडप ते खाली येऊ देत नाही. घास अजून जठरातच आहे.